वाचक विचारतात : काळ्या पट्टीखालचं नाव

या वेळी वकिलांकडून आलेले प्रश्न घेतले आहेत. प्रत्येक न्यायालयाचे नियम आणि मुदती वेगळ्या असतात, त्या आपापल्या नियमपुस्तकातच पाहाव्यात. इथली उत्तरं ऑफिसातल्या रोजच्या कामाबद्दल आहेत.

प्रश्न : अर्जासोबत जोडलेल्या पीडीएफमध्ये एका अल्पवयीन मुलीचं नाव आणि पत्ता आम्ही काळ्या चौकटीने झाकला होता. दाखल केल्यावर समोरच्या वकिलांचा फोन आला की नाव सरळ वाचता येतंय. छापील प्रतीत तर काहीच दिसत नाही. हे कसं झालं?

छापील प्रतीवरून पीडीएफची परीक्षा करता येत नाही. कागदावर शाई अक्षरावर बसते आणि अक्षर जातं. पीडीएफमध्ये अक्षरं वेगळी साठवलेली असतात आणि तुम्ही काढलेली चौकट वेगळी. चौकट फक्त वर ठेवली जाते, खालची अक्षरं जशीच्या तशी राहतात. माउसने ती ओळ निवडून कॉपी केली आणि नोटपॅडमध्ये चिकटवली की नाव समोर येतं. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या निवडणूक प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदात नेमकं हेच घडलं. पत्रकारांनी काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर कॉपी करून वाचला आणि त्याच दिवशी तो बातम्यांत आला. वर्डमध्ये अक्षरांना काळा हायलाइट देऊन पीडीएफ केली तरी परिणाम हाच.

आता यापुढे काय करायचं ते पाहू. मूळ फाइलला हात लावू नका, तिच्या प्रतीवर काम करा. पीडीएफ संपादनाच्या चांगल्या प्रोग्राममध्ये ‘रिडॅक्ट’ नावाचं स्वतंत्र साधन असतं आणि ते दोन टप्प्यांत चालतं. आधी मजकुरावर खूण करायची, मग ‘अप्लाय’ म्हणायचं. पहिल्या टप्प्यानंतर पडद्यावर चौकटी दिसतात आणि काम झालं असं वाटतं. पण अप्लाय होईपर्यंत एकही अक्षर पुसलेलं नसतं, आणि घाईत बहुतेक चुका इथेच होतात. अप्लाय केल्यावर त्याच प्रोग्राममधून लपलेली माहितीही काढून टाका : टिप्पण्या, जोडलेल्या फाइली, लेखकाचं नाव, बुकमार्क. बुकमार्क विशेष लक्ष देऊन पाहा. ते अनेकदा शीर्षकांवरून आपोआप तयार होतात, त्यामुळे पानावर पुसलेलं नाव डावीकडच्या यादीत तसंच राहिलेलं असू शकतं. मग फाइल नव्या नावाने साठवा, आणि त्या नव्या नावातच मुलीचं आडनाव येत नाही ना हे बघा.

स्कॅन केलेल्या कागदांची गोष्ट थोडी वेगळी आहे. स्कॅनवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन, चालवलं की चित्राच्या मागे अक्षरांचा एक अदृश्य थर तयार होतो. चित्रावर काळं फासलं तरी तो थर शाबूत राहतो. म्हणून आधी पुसायचं आणि ओसीआर नंतर चालवायचं. कागदावर मार्करने खोडून स्कॅन करणंही बेभरवशाचं. उजेड-काळोखाचं प्रमाण बदललं की मार्करच्या शाईखालून टाइप केलेली अक्षरं उमटतात. कागदच वापरायचा असेल तर त्या जागी अपारदर्शक पट्टी चिकटवून झेरॉक्स काढा आणि झेरॉक्स स्कॅन करा.

शेवटी चाचणी. कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करून सगळा मजकूर नोटपॅडमध्ये टाका आणि त्यात नाव, आडनाव, नावाची वेगवेगळी स्पेलिंग, फोन नंबरचे शेवटचे चार आकडे शोधा. हस्ताक्षरातली पानं शोधात सापडत नाहीत, ती डोळ्यांनीच वाचावी लागतात. आणखी एक, सहसा कुणाच्या लक्षात न येणारी बाब : पट्टी नावाइतकीच लांब असेल आणि प्रकरणात दोनच साक्षीदार असतील, एकाचं नाव तीन अक्षरी आणि दुसऱ्याचं नऊ अक्षरी, तर लांबीवरून कोण ते कळतं. अशा वेळी सगळ्या पट्ट्या सारख्या लांबीच्या करा आणि जागोजागी ‘साक्षीदार १’, ‘साक्षीदार २’ लिहा.

तुमच्या प्रकरणात तो कागद अजून नोंदीवर असेल, तर आजच न्यायालयाच्या कार्यालयाला तो काढून बदली प्रत घेण्याची लेखी विनंती करा, समोरच्या वकिलांना त्यांच्याकडच्या प्रती नष्ट करायला लेखी कळवा, आणि तुमच्या पक्षकाराला स्वतः सांगा. त्याला दुसऱ्याकडून कळलं तर विश्वास जातो, आणि त्यात एका मुलीची सुरक्षितता गुंतलेली आहे.

प्रश्न : आदेश मिळाल्यापासून एका महिन्यात अपील करायचं होतं. ज्युनिअरने तारखेत ३० दिवस मिळवून डायरीत नोंद केली. त्यावरून ऑफिसात वाद झाला. मुदत मोजण्याची खात्रीची पद्धत कोणती?

महिना म्हणजे ३० दिवस नव्हे. ३१ जानेवारी २०२५ मध्ये ३० दिवस मिळवले तर २ मार्च येते. एक महिना मिळवणारं एक्सेलचं ‘एडेट’ हे सूत्र २८ फेब्रुवारी देतं. ज्युनिअरच्या डायरीप्रमाणे दोन दिवस हातात आहेत आणि प्रत्यक्षात अपील मुदतबाह्य झालंय, अशी वेळ येऊ शकते.

आकडेमोडीला बसण्याआधी कागदावर उत्तरं लिहून काढा. मुदत कशापासून सुरू होते : आदेशाच्या तारखेपासून, प्रत मिळाल्यापासून की बजावणीपासून? पहिला दिवस धरायचा की सोडायचा? सगळे दिवस मोजायचे की फक्त कामाचे? शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर काय? आणि ऑनलाइन दाखल करताना शेवटच्या दिवशी रात्री बारापर्यंत चालतं की कार्यालय बंद होईपर्यंतच? प्रत्येक उत्तरासमोर नियमाचा क्रमांक लिहा. क्रमांक लिहिता येत नसेल तर ते उत्तर सवयीने दिलेलं आहे असं समजा आणि नियम उघडा.

कामाचे दिवस एक्सेलमध्ये मोजत असाल तर दोन सूत्रांची गल्लत करू नका. ‘वर्कडे’ सुरुवातीचा दिवस धरत नाही, त्यामुळे सोमवारपासून पाच दिवस मागितले की पुढचा सोमवार येतो. ‘नेटवर्कडेज’ दोन्ही टोकं धरतं, म्हणून सोमवार ते शुक्रवार पाच दिवस दाखवतं. शिवाय न्यायालयाच्या सुट्ट्यांची यादी तुम्ही स्वतः दिल्याशिवाय दोघांनाही शनिवार-रविवारपलीकडे कसली सुट्टी ठाऊक नसते.

मोजणी दोघांनी करावी, पण दुसऱ्याने पहिल्याचा आकडा न बघता मूळ आदेशावरून मोजायला हवं. पहिल्याचं उत्तर समोर ठेवून केलेली तपासणी ही नुसती मान डोलावणं असते. दोघांचं जुळलं की मगच तारीख डायरीत जाते, दोघांच्या सहीसह.

आठवणी आम्ही ३०, १४, ७, ३ आणि १ दिवस आधी लावायला सांगतो, पण नुसतं ‘अपील’ असं लिहून उपयोग नाही. ३० दिवसांवर ‘प्रमाणित प्रत मागवली का’, १४ वर ‘मसुदा ज्येष्ठांकडे गेला का’, ७ वर ‘फी आणि प्रतिज्ञापत्र तयार का’, असं काम लिहा. आठवण किमान दोघांच्या फोनवर जावी, कारण ज्याच्या नावावर काम आहे तोच नेमका आजारी पडतो. तारीख कॅलेंडरमध्ये ‘पूर्ण दिवस’ म्हणून टाका. रात्री बाराची वेळ देऊन टाकलेली नोंद फोन दुसऱ्या वेळपट्ट्यात गेला की एक दिवस पुढे-मागे सरकते. आणि ०३/०४ असं कधीच लिहू नका, त्याचा ३ एप्रिलही होतो आणि ४ मार्चही. २०२५-०४-०३ लिहिलं की शंका राहत नाही.

प्रश्न : संशोधनासाठी एआय वापरते. एकदा त्याने दिलेल्या पाच दाखल्यांपैकी, म्हणजे जुन्या निवाड्यांच्या संदर्भांपैकी, दोन कुठेच सापडले नाहीत. वापर बंद करावा का? आणि जे तीन सापडले ते बिनधास्त वापरावेत का?

वापर बंद करायची गरज नाही, पण दाखले शोधण्याचं काम त्याच्याकडून काढून घ्या. असं एआय म्हणजे भाषेचं मॉडेल, ते पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधत वाक्य तयार करतं. दाखल्याला ठरावीक साचा असतो : दोन पक्षांची नावं, वर्ष, खंड, पान. हा साचा त्याला हुबेहूब भरता येतो, पण त्या पानावर खरंच काही आहे का, हे तो साचा भरताना तपासलं जात नाही. शोधाची जोड असलेली साधनं बरी, तरी तीही खऱ्या निवाड्याच्या तोंडी खोटं वाक्य घालू शकतात.

माटा विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने जून २०२३ मध्ये दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड केला. त्यांनी न्यायालयापुढे दिलेले काही निवाडे चॅटजीपीटीने रचलेले होते. त्यातला लक्षात ठेवण्याजोगा भाग असा की वकिलाने त्या प्रोग्रामलाच विचारलं होतं, हे निवाडे खरे आहेत ना? त्याने हो म्हटलं. ज्याने चूक केली त्यालाच साक्षीला बोलावण्याचा हा प्रकार. २०२५ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात ४५ दाखल्यांपैकी १८ अस्तित्वातच नव्हते, आणि तिथे संशोधन पक्षकाराने स्वतः करून वकिलाकडे दिलेलं होतं. तेव्हा ‘मी तर एआय वापरतच नाही’ म्हणणाऱ्यांनीही पक्षकाराकडून, ज्युनिअरकडून आलेला प्रत्येक दाखला उघडूनच पाहायला हवा.

आता तुमचे सापडलेले तीन. निवाडा सापडला याचा अर्थ एवढाच की तो आहे. तो पूर्ण उघडा आणि उद्धृत वाक्य अक्षरशः त्यात आहे का ते पाहा. असलं तर ते कोण बोलतंय ते पाहा. ही चूक अनुभवी माणसंही करतात. न्यायालय आधी दोन्ही बाजूंचा युक्तिवाद नोंदवतं. परिच्छेद सुरू होतो ‘अपिलार्थींच्या वतीने असं प्रतिपादन करण्यात आलं की’ अशा शब्दांनी, आणि उतारा उचललेला असतो तिसऱ्या ओळीपासून. वाचताना ते न्यायालयाचं मत वाटतं, प्रत्यक्षात ते हरलेल्या वकिलाचं म्हणणं असतं. म्हणून उताऱ्याच्या वरचे दोन परिच्छेद आणि खालचे दोन वाचायचेच. त्यानंतर पाहा की ते मत बहुमतातलं आहे की भिन्नमताच्या निवाड्यातलं, निकालाला आवश्यक होतं की ओघात आलेलं, आणि पुढे अपिलात टिकलं का.

हेडनोटवर थांबू नका. हेडनोट हा संपादकाने किंवा कार्यालयाने केलेला सारांश, न्यायाधीशांचे ते शब्द नव्हेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०६ मध्येच डेट्रॉइट टिंबर प्रकरणात हे स्पष्ट केलं होतं आणि त्या न्यायालयाच्या निकालांच्या सारांशावर त्याचा उल्लेख आजही छापला जातो.

एआयचा उपयोग होतो तो दुसरीकडे. ३०० पानांच्या पत्रव्यवहारातून तारीखवार घटनाक्रमाचा कच्चा आराखडा काढायला, समोरची बाजू काय म्हणेल याची यादी करायला, आणि शोधासाठी पर्यायी शब्द सुचवायला. यातलं शेवटचं सर्वांत मोलाचं. तुम्ही ‘भाडेकरू’ शोधत बसता आणि निवाड्यात ‘परवानाधारक’ किंवा ‘ताबेदार’ असतो. मात्र पक्षकाराचं नाव, पत्ता, प्रकरण क्रमांक त्यात टाकू नका. सार्वजनिक साधनात टाकलेला मजकूर कुठे साठतो आणि कशासाठी वापरला जातो हे त्याच्या अटी वाचल्याशिवाय ठरवता येत नाही.

संशोधनाची नोंदवही ठेवा : तारीख, कोणतं संकेतस्थळ, शोधात टाकलेले नेमके शब्द, किती निकाल आले, कोणते उघडले, कोणते का टाकले. वेगवेगळ्या शब्दांनी शोधूनही तेच तेच निवाडे समोर यायला लागले की थांबायला हरकत नाही. सहा महिन्यांनी युक्तिवादाच्या आदल्या रात्री फक्त मधल्या काळातलं नवीन पाहावं लागतं, सगळं पुन्हा नाही.

प्रश्न : करारनाम्याचे मसुदे इकडून तिकडे जाताना समोरच्यांनी ट्रॅक चेंजेसमध्ये (वर्डमधली, केलेले बदल खुणांनी दाखवणारी सोय) न दाखवता एक कलम बदललं. आमच्या ते सहीच्या आदल्या दिवशी लक्षात आलं. हे कसं टाळायचं?

समोरच्याने दाखवलेले बदल म्हणजे झालेले सगळे बदल, असं कधीही धरू नका. ट्रॅकिंग मध्येच बंद करून पुन्हा सुरू करता येतं आणि त्या मधल्या वेळेतली दुरुस्ती कुठेही उमटत नाही. त्यात दर वेळी लबाडीच असते असं नाही, विसरूनही होतं. मसुदा परत आला की पहिलं काम : वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’ मधलं ‘कंपेअर’ उघडा, मूळ म्हणून तुम्ही शेवटची पाठवलेली फाइल द्या, बदललेली म्हणून त्यांची. त्यांच्या फाइलमध्ये आधीपासून ट्रॅक केलेले बदल असतील तर कंपेअर ते स्वीकारल्यासारखे धरतं, त्यामुळे चोरटे आणि उघड असे दोन्ही बदल एकत्र दिसतात. तेच तुम्हाला हवंय. तळटीपा, शीर्षपट्टी आणि तक्ते यांच्या खुणा काढून टाकलेल्या नाहीत ना, ते त्याच चौकटीत ‘मोअर’ दाबून पाहा. रक्कम अनेकदा तक्त्यात असते.

हे जमायला तुम्ही नेमकी कोणती फाइल पाठवली ते सापडायला हवं. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ अशी नावं असतील तर ते सापडत नाही. नाव तारखेने सुरू करा आणि आवृत्ती दोन अंकी ठेवा : २०२५-०४-०३_भाडेकरार_आवृत्ती०४_पाठवला. एक अंकी ठेवलं तर काही ठिकाणी आवृत्ती १० ही २ च्या आधी लागते. बाहेर गेलेली प्रत्येक फाइल ‘पाठवलेले’ नावाच्या फोल्डरात प्रत करून ठेवा आणि तिथे पुन्हा संपादन करू नका.

जाता जाता : वर्डमध्ये चित्र क्रॉप केलं तरी कापलेला भाग फाइलमध्ये राहतो, ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ मधून तो काढावा लागतो. आणि एक्सेलचा तक्ता वर्डमध्ये ‘एम्बेड’ करून, म्हणजे तिथेच उघडून बदलता येईल असा, चिकटवला तर कधी कधी त्याची संपूर्ण वर्कबुक सोबत जाते, बाकीच्या पक्षकारांच्या आकड्यांसकट. तक्ता चित्र म्हणून चिकटवा.

प्रश्न : नवीन पक्षकार आला की हितसंबंधांचा संघर्ष, म्हणजे त्याचं काम आपल्या आधीच्या कुणा पक्षकाराच्या विरोधात जातं का, तपासायचा असतो, पण आमच्याकडे ते ‘कुणाला आठवतंय का’ यावर चालतं.

आठवण सोबत काम करणाऱ्यांची असते, पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या ज्युनिअरची नसते. एक साधी एक्सेलची यादी पुरते, फक्त तिच्यात निव्वळ पक्षकार नकोत : समोरचे पक्ष, साक्षीदार, कंपनीचे संचालक आणि भागीदार, पती-पत्नी, आणि सल्ला घेऊन काम न देता गेलेलेसुद्धा हवेत. शेवटचे सर्वांत जास्त विसरले जातात, कारण त्यांची फाइलच उघडलेली नसते, पण गुपित तर सांगून झालेलं असतं.

शोध पूर्ण नावाने घेऊ नका. आडनावाच्या पहिल्या तीन-चार अक्षरांनी घ्या, म्हणजे स्पेलिंगचा फरक आणि नुसती आद्याक्षरं यांतून नावं सहसा निसटत नाहीत. लग्नाआधीचं आडनाव मात्र वेगळं शोधा. आणि हे सगळं हकीकत ऐकण्याआधी करायचं. पहिल्या फोनवर नावं आणि विषय एवढंच विचारा. दहा मिनिटं हकीकत ऐकल्यावर संघर्ष आढळला तर कदाचित दोन्ही पक्षकार सोडावे लागतात.

प्रश्न : सगळ्या फाइली क्लाउडवर सिंक होतात. वेगळ्या बॅकअपची गरज आहे का?

आहे. सिंक म्हणजे आरसा. तुम्ही फोल्डर चुकून पुसलंत तर ते सगळीकडून पुसलं जातं, रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडवणाऱ्या घातक प्रोग्रामने, फाइली कुलूपबंद केल्या तर कुलूपबंद फाइलीच सगळीकडे पोहोचतात. जुन्या आवृत्त्या काही काळ परत मिळतात, पण किती दिवस ते तुमच्या योजनेवर अवलंबून असतं. तो आकडा आजच पाहून ठेवा.

जुना नियम अजून चांगला आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक ऑफिसच्या बाहेर. बाहेरची हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवली तर तीही बाकीच्यांबरोबरच कुलूपबंद होते, म्हणून बॅकअप संपला की काढून ठेवायची. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय (पासवर्डशिवाय) वाचता न येणारी, असावी आणि तिची किल्ली त्याच डिस्कच्या पाकिटात नसावी. तीन महिन्यांतून एकदा कोणतीही एक जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर परत आणून उघडून पाहा. बॅकअप ‘यशस्वी’ असा संदेश रोज येत असतो आणि कधी कधी त्यात फक्त रिकामं फोल्डर असतं.

प्रश्न : तासांवर बिल करतो. आठवड्याअखेर वेळ लिहायला बसलो की अर्धं आठवत नाही.

काम संपतं त्याच मिनिटाला लिहा, सहा मिनिटांच्या एककात, म्हणजे तासाचा दहावा भाग. १४ मिनिटांचा फोन वरच्या अंकाला नेला तर ०.३ तास, जवळच्या अंकाला नेला तर ०.२, म्हणून कोणती पद्धत ते करारपत्रात आधीच लिहिलेलं असू द्या. नोंदीत ‘फोन ०.३’ लिहिलं की बिल मिळाल्यावर पक्षकार विचारतो, कसला फोन? ‘दुसऱ्या साक्षीदाराच्या जबाबातल्या तारखा आणि पावत्यांवरच्या तारखा जुळत नाहीत, याबाबत पक्षकाराशी फोनवर चर्चा, ०.३’ असं लिहिलं की त्याला तो फोन आठवतो. एका ओळीत दोन-तीन कामं गुंडाळून एकच आकडा टाकू नका. त्यातलं एक काम वादात सापडलं तर त्याचा वेळ वेगळा काढून दाखवता येत नाही आणि सगळी ओळ अडकून पडते.